वॉफलच्या साच्यात आपले धान्य

लासलगावचे नाव निघाले की डोळ्यांसमोर कांदा येतो. निफाड तालुक्यातील, मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील या गावात १९४७ साली कृषी उत्पन्न बाजार समिती स्थापन झाली आणि पुढे ही पेठ आशियातील कांद्याची सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून ओळखली जाऊ लागली. सकाळी लिलाव सुरू होतो, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात, आणि इथला भाव देशभर विचारला जातो. या व्यापारात जैन कुटुंबांचाही पिढ्यान्‌पिढ्यांचा वाटा आहे. त्यातली गंमत बाहेरच्या माणसाला सहज उमगत नाही. हजारो क्विंटल कांद्याचा हिशेब ज्या घरात रोज लिहिला जातो, त्याच घराच्या स्वयंपाकघरात कांद्याची पातदेखील येत नाही. व्यवहार आणि आहार यांच्यामधली ही रेषा या कुटुंबांनी कोणताही गाजावाजा न करता सांभाळली आहे.

आता मात्र या रेषेची कसोटी वेगळ्याच पदार्थावर लागते आहे. शिक्षणासाठी नाशिक-पुण्याला गेलेली मुले सुटीत घरी येतात आणि न्याहारीला वॉफल किंवा पॅनकेक मागतात. शहरातल्या दुकानांत मिळणारा हा पदार्थ बहुधा मैद्याचा असतो. त्यात कधी अंडे असते, कधी नसते. वरून साखरेचा पाक, चॉकलेट, कधी मध. आजी ‘नको’ म्हणते, नातू ‘मग बाहेर खातो’ म्हणतो, आणि आई दोघांच्या मध्ये उभी राहते. आजोबांना मधुमेह असल्यामुळे त्यांच्या ताटाचा प्रश्न निराळाच.

हा प्रश्न किरकोळ वाटला तरी किरकोळ नाही. घरात ज्या गोष्टीला उत्तर मिळत नाही ती मुले घराबाहेर शोधतात, आणि तिथे त्यांना नियम समजावून सांगणारे कोणी नसते. म्हणून वॉफल नाकारण्यापेक्षा तो आपल्या धान्यात, आपल्या मर्यादेत आणि आपल्या साच्यात कसा बसवता येईल हे पाहणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

परका पदार्थ, ओळखीचे नाते

वॉफल मूळचा युरोपातला. तिथे मध्ययुगात लांब दांड्याच्या दोन लोखंडी पत्र्यांमध्ये पीठ दाबून ते विस्तवावर भाजत. अमेरिकेत कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांना वॉफलच्या साच्याचे पेटंट मिळाले ते २४ ऑगस्ट १८६९ रोजी. पुढे साचा विजेवर चालू लागला आणि घराघरांत पोहोचला. बेल्जियममधील परंपरागत वॉफलचे पीठ यीस्ट घालून फुगवतात, तर अमेरिकी धाटणीच्या वॉफलमध्ये बेकिंग पावडर असते.

पॅनकेक तर आपल्याला मुळीच परका नाही. तव्यावर सरसरीत पीठ ओतून दोन्ही बाजूंनी भाजणे ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘धोसक’ या पदार्थाचा उल्लेख येतो. त्याही आधी, दहाव्या शतकात, शिवकोट्याचार्यांच्या ‘वड्डाराधने’ या कन्नड जैन ग्रंथात ‘इड्डलिगे’ भेटते. आपल्या घरांतील चिल्ला, पुडला, धिरडे, घावन आणि आंबोळी हे सगळे त्याच कुळातले. कणकेत गुळाचे पाणी घालून केलेले गोड धिरडे आणि परदेशी पॅनकेक यांत फरक आहे तो जाडीचा आणि फुगण्याचा. पदार्थाची जात एकच आहे.

मैद्यात काय हरवते

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात : बाहेरचा कोंडा, आतला पिठूळ गाभा आणि टोकाशी असलेला अंकुर. तंतू व खनिजे मुख्यतः कोंड्यात, चांगली स्निग्धता व काही जीवनसत्त्वे अंकुरात, आणि गाभ्यात बहुतेक स्टार्च. मैदा करताना कोंडा व अंकुर काढून टाकला जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम गव्हाच्या आट्यात सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, मैद्यात ३ ग्रॅमपेक्षाही कमी. म्हणजे एकाच दाण्यातून निघालेल्या दोन पिठांत जवळजवळ चौपट अंतर पडते.

व्यापारी कुटुंबांनी या अंतराकडे विशेष लक्ष द्यायला हवे. दिवसाचा मोठा भाग गादीवर बसून, फोनवर आणि हिशेबात जातो. चालणे कमी, चहा जास्त, आणि जेवणाची वेळ लिलावाच्या वेळेवर अवलंबून. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अर्थसाहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. गावातल्या कोणत्याही पेढीवर चार माणसे बसली असली तर या आकड्यांचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

२०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. नाशिक परिसराला ही धान्ये नवीन नाहीत. बाजरीची भाकरी, ज्वारीची भाकरी आणि डोंगरपट्ट्यातली नागली, म्हणजेच नाचणी, ही इथल्या ताटातली जुनी माणसे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच वजनाच्या दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम. नाचणीतले सगळेच शरीराला लागत नाही हे खरे, पण अंडे व मांस न खाणाऱ्या घरात तिचा आधार मोठा आहे. बाजरी लोहासाठी प्रसिद्ध आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’ या संस्थेबरोबर अधिक लोह असलेला ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण दिला आहे.

गव्हाच्या बाबतीत तर लासलगावकरांना दूर जाण्याचे कारण नाही. याच विद्यापीठाचे गहू संशोधनाचे काम निफाडला चालते. ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’, ‘फुले समाधान’ आणि बन्सी प्रकारातील ‘गोदावरी’ हे वाण तिथूनच आले. ज्या तालुक्यात गव्हाचे वाण घडतात त्या तालुक्यातल्या मुलांनी बाहेरून आलेल्या मैद्याचे पाकीट फोडावे, हे व्यवहारालाही धरून नाही.

नियम आड येतात की वाट दाखवतात ?

परदेशी कृती आपल्या स्वयंपाकघरात आणताना पाच-सहा ठिकाणी अडते. प्रत्येक ठिकाणी उत्तर आहे, आणि बहुतेक वेळा ते आरोग्याच्याही हिताचे आहे.

पहिला अडसर अंड्याचा. अंडे पदार्थात दोन कामे करते : पीठ धरून ठेवते आणि ते हलके करते. धरून ठेवण्याचे काम जवस करते. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटे ठेवली की तिचा चिकट लगदा होतो. पिकलेले केळे कुस्करून घातले तरी चालते. हलकेपणा येतो तो ताक आणि खाण्याचा सोडा यांच्या भेटीतून. ताकाच्या आंबटपणाने सोड्यातून वायू सुटतो आणि त्याचे बुडबुडे पिठाला फुगवतात. यीस्टची गरज उरत नाही, आणि पीठ रात्रभर आंबवण्याचीही नाही.

दुसरा अडसर द्विदलाचा. कच्चे दही वा ताक कडधान्याबरोबर घ्यायचे नाही, हा नियम घराघरांत माहीत आहे. गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ ही द्विदल नसल्यामुळे त्यांच्या पिठात ताक घालायला हरकत येत नाही. बेसन किंवा मुगाचे पीठ घ्यायचे असेल तेव्हा ताक वगळून लिंबाचा रस किंवा आमसुलाचे पाणी वापरावे. मेथीची पाने व दाणेही अनेक घरांत द्विदलात धरतात, म्हणून ताकाच्या मिश्रणात ती टाळावीत.

तिसरा अडसर वरून घालायच्या गोष्टींचा. पॅनकेकवर लोणी व मध घालण्याची परदेशी रीत आहे. आपल्याकडे ही दोन्ही महाविगयांत गणली गेली आहेत. लोण्याच्या जागी घरचे तूप आणि मधाच्या जागी काकवी घ्यावी. चवीला ही जोडी मुळीच कमी नाही. व्हॅनिलाच्या अनेक अर्कांत मद्यार्काचा अंश असतो. त्याऐवजी वेलची, जायफळ किंवा सुंठ घ्यावी.

चौथी गोष्ट पिठाच्या मर्यादेची. दळलेले पीठ किती दिवस वापरावे याचे नियम परंपरेत आहेत. पावसाळ्यात सर्वांत कमी, उन्हाळ्यात थोडे अधिक, हिवाळ्यात सर्वांत जास्त. दिगंबर परंपरेत हे अनुक्रमे ३, ५ व ७ दिवस मानतात. श्वेतांबर परंपरेतही ऋतूनुसार मर्यादा ठरलेल्या आहेत. संपूर्ण धान्याच्या पिठाला हा नियम चपखल लागू पडतो. बाजरीत स्निग्धता जास्त असते. दळल्यावर ती हवेशी व पिठातल्याच विकरांशी मिसळते आणि काही दिवसांत पीठ कडू लागते. मैदा महिनोन्‌महिने टिकतो, कारण लवकर बिघडणारा अंकुर त्यातून आधीच काढलेला असतो. टिकाऊपणाची ती किंमत आहे. म्हणून थोडे दळावे, ताजे वापरावे.

पाचवी गोष्ट चाळण्याची. पीठ चाळले पाहिजे, पण ते जयणेसाठी. कोंडा काढण्यासाठी नव्हे. अतिबारीक चाळणीने चाळून वर राहिलेला कोंडा टाकला, तर संपूर्ण धान्याचा उद्देशच फसतो. धान्य निवडून, पाहून दळावे आणि पीठ मध्यम चाळणीने चाळावे.

सहावी गोष्ट मोडाची. आरोग्याविषयीच्या लेखांतून मोड आलेल्या नाचणीचे सत्त्व सुचवले जाते. मोड आलेले धान्य ज्या घरांत अनंतकाय म्हणून वर्ज्य आहे, तिथे नाचणीचे पीठ मंद आचेवर पाच-सात मिनिटे कोरडे भाजून घ्यावे. कच्चट वास जातो आणि चव खमंग होते. बारीकसारीक मतभेद असतील तिथे प्रत्येक घराने आपल्या साधू-साध्वीजींच्या मार्गदर्शनाप्रमाणे ठरवावे.

तीन कृती

*गहू-नाचणीचे पॅनकेक.* कणीक १०० ग्रॅम, भाजलेले नाचणीचे पीठ ५० ग्रॅम, कुस्करलेले एक पिकलेले केळे, ताजे दाटसर ताक २५० मिलिलिटर, काकवी एक मोठा चमचा, वेलचीपूड व चिमूटभर मीठ. सोडा सोडून सगळे एकत्र करून वीस-पंचवीस मिनिटे झाकून ठेवावे. नाचणी व कोंडा पाणी शोषतात, ते शोषू दिले नाही तर पॅनकेक रवाळ लागतो. तवा तापल्यावर पाव चहाचा चमचा सोडा घालून हलकेच ढवळावे आणि लगेच घालायला सुरुवात करावी. बिडाच्या तव्यावर थोडे तूप फिरवून पळीभर पीठ ओतावे, पसरू नये. वर बुडबुडे येऊन फुटू लागले व कडा कोरड्या दिसल्या की उलटावे. आच मध्यमच हवी. मोठ्या आचेवर बाहेरून करपते आणि आत ओले राहते.

नवकारसी करणाऱ्या घरांना ही कृती वेळेच्या दृष्टीनेही सोयीची आहे. सूर्योदयानंतर पीठ भिजवले की नवकारसीची ४८ मिनिटे पूर्ण होईपर्यंत ते मुरलेले असते.

*ज्वारी-गव्हाचे वॉफल.* ज्वारीचे पीठ ७५ ग्रॅम, कणीक ७५ ग्रॅम, तांदळाचे पीठ दोन मोठे चमचे, भिजवलेली जवसाची पूड एक मोठा चमचा, पातळ केलेले तूप दोन मोठे चमचे, ताक सुमारे २२५ मिलिलिटर, मीठ, आणि शेवटी पाव चहाचा चमचा सोडा. ज्वारीत चिकटपणा नसतो, म्हणून निम्मी कणीक व जवस यांचा आधार लागतो. तांदळाच्या पिठाने कुरकुरीतपणा येतो. वॉफलचे पीठ पॅनकेकपेक्षा किंचित घट्ट आणि जास्त तुपाचे असावे. तूप कमी पडले की ते साच्याला धरते. साचा पूर्ण तापवून, तूप लावून पीठ घालावे आणि कडेने येणारी वाफ जवळजवळ थांबेपर्यंत झाकण उघडू नये. घाईने उघडले तर वॉफलचे दोन तुकडे होतात, एक वर आणि एक खाली. काढल्यावर ताटात एकावर एक न ठेवता जाळीवर ठेवावे. वाफ कोंडली की कुरकुरीतपणा जातो.

तिखट हवे असेल तर याच पिठात किसून पिळलेला दुधी भोपळा, कोथिंबीर, जिरे, तीळ व हिरवी मिरची घालावी. तिथीच्या दिवशी हिरवे वर्ज्य असेल तेव्हा तीळ, ओवा, मिरपूड आणि सुके खोबरे पुरेसे होते. बटाटा, कांदा, लसूण यांची आठवणही येत नाही.

*मूग-बाजरीचे धिरडे.* मुगाच्या डाळीचे पीठ १०० ग्रॅम, बाजरीचे पीठ ५० ग्रॅम, जिरे, हिंग, हळद, मीठ आणि लागेल तसे पाणी. ताक नाही. शेवटी लिंबाचा रस आणि चिमूटभर सोडा. डाळ व धान्य एकत्र आल्यामुळे प्रथिनांची प्रत सुधारते, आणि लिंबाच्या आंबटपणाने बाजरीतले लोह शरीराला लागण्यास मदत होते. या न्याहारीबरोबर चहा मात्र टाळावा. चहातील घटक लोहाला अडवतात. तो तासाभराने घेतला तर बरे. हळद ज्या घरांत चालत नाही तिथे ती वगळावी.

कोणत्याही कृतीनंतर साचा निवला की लगेच ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा. त्याच्या खाचांत राहिलेला पिठाचा कण मुंग्यांना व किडीला बोलावतो. संध्याकाळपर्यंत तसाच ठेवलेला साचा म्हणजे जयणेत राहिलेली उणीव.

आरोग्याचा हिशेबही चोख हवा

नाचणी किंवा ज्वारीचे नाव घेतले म्हणून पदार्थ आपोआप औषध होत नाही. बारीक दळलेले कोणतेही पीठ अख्ख्या दाण्यापेक्षा लवकर पचते आणि रक्तातील साखर वाढवतेच. काकवी व गूळ चवीला चांगले, पण शरीर त्यांना साखर म्हणूनच ओळखते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेची मर्यादा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ठेवण्यास आणि शक्य तर ५ टक्क्यांवर आणण्यास सांगितले. २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, अर्थात पाच-सहा चहाचे चमचे. दिवसाच्या चहातच त्यातले निम्मे संपलेले असतात.

म्हणून मधुमेह असलेल्या ज्येष्ठांना गोड पॅनकेकऐवजी मूग-बाजरीचे एक-दोन लहान धिरडे व भाजी द्यावी. औषध चालू असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. मुलांच्या वॉफलवर पाकाऐवजी फळे घालावीत. निफाड तालुका द्राक्षांचा आहे. हंगामात ताजी द्राक्षे, एरवी डाळिंबाचे दाणे, आणि बेदाणे थोडेच. या गोडव्याला चॉकलेटच्या पाकाची गरज पडत नाही.

बाजारचे तयार मिश्रण घ्यायचेच असेल तर पाकिटाची मागची बाजू वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘मल्टिग्रेन’ लिहिलेले असले आणि घटकांत पहिला ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ असला, तर तो मैदाच आहे. हिरव्या ठिपक्यावरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. अंडे नसल्याची खात्री तो देतो, परंतु मध, कांदा-लसणाची पूड आणि बटाट्याचा स्टार्च असलेल्या पदार्थांवरही तो असू शकतो. माल घेताना नमुना पाहणाऱ्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगावे लागू नये. पोत्यात हात घालून प्रत पारखणारी नजर स्वयंपाकघरातल्या पाकिटावरही फिरली पाहिजे.

एक पीठ, चार ताटे

या सगळ्याचा खरा लाभ पोषणाच्या तक्त्यात पूर्णपणे मावत नाही. ज्वारी-गव्हाचे एकच पीठ सकाळी कालवले तर त्यातून नातवासाठी साच्यात वॉफल होतो, आजीसाठी तव्यावर पातळ घावन होते, वडिलांसाठी दुधी घातलेला तिखट प्रकार होतो आणि आजोबांना गोडाविना लहानसे धिरडे मिळते. चौघांची ताटे वेगळी दिसली तरी धान्य एक, मर्यादा एक आणि पंगत एक राहते. मूल साच्यात पीठ ओतताना ‘ताक का, डाळ का नाही’ असे विचारते, तेव्हा द्विदलाचा नियम त्याला व्याख्यानाशिवाय कळतो. पीठ तीन दिवसांतच का संपवायचे हे त्याला बाजरीचा कडवटपणा सांगतो.

संयम म्हणजे नकारांची यादी, असा समज घेऊन जी पिढी घराबाहेर पडते, ती पहिल्याच वळणावर ती यादी खिशातून काढून टाकते. संयम म्हणजे नीट निवडणे, हे जिने स्वतःच्या हाताने पीठ कालवून अनुभवले आहे, ती पुण्यातल्या दुकानाच्या काउंटरसमोर उभी राहिली तरी आधी विचारील : यात काय काय घातले आहे ?